ब्याण्णव टक्के लंबू

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी मशीनला हरवलं!

सकाळी इमारतीच्या दाराशी माझ्या बाकावर बसले होते. एक तरुण साहेब आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो — हरवला तर सापडावा म्हणून असेल — आणि हातात काचेची पाटी. म्हणाला, दाराला मशीन बसवणार. आता किल्ली नको, कार्ड नको. तोंड दाखवायचं, दार उघडणार. 'आजी, काही चेहरे जुळत नाहीयेत. तुम्ही म्हणे सगळ्यांना ओळखता?'

म्हणे! अरे, या इमारतीत साठ घरं, सगळी इस्पितळाच्या धुलाईखान्यातली. मी तिथे एकतीस वर्षं काढली. प्रत्येक कपड्यावर शाईनं नंबर घातलेला असायचा आणि मला तो वाचता यायचा नाही. डॉक्टरांचे कोट, नर्सबाईंचे ड्रेस — मी गळपट्टी बघून सांगायचे कोणाचं काय. कोण मान तिरकी ठेवतो, कोण बटण ओढतो, कोण बाहीला नाक पुसतो. एक फार मोठे डॉक्टर पुसायचे, नाव नाही सांगत. एकतीस वर्षांत एक कोट भलत्याच्या अंगावर गेला नाही. अक्षरांशी माझं जमलं नाही, पण माणसं मला वाचता येतात.

तर पाटीवर तोंडं येऊ लागली. नुसती तोंडं — मान नाही, खांदा नाही, कावळ्यानं वरून बघावं तशी. मी धडाधड सांगत गेले. हा खोकला, तिसरा मजला. ही सूर्यफूल — जिकडे माणूस दिसेल तिकडे तोंड वळवते. हा बारा-वाजले. साहेब म्हणाला, 'खरी नावं सांगा ना आजी.' खरी सांगितली, बापाच्या नावासकट. एकाखाली मशीननं भलतंच नाव लावलं होतं. म्हटलं, पूस ते. कान बघ त्याचा. तोंड सुजतं, सुरकुततं, दाढी वाढवतं. कान कुठे जातो?

'आजी, तुम्ही मशीनपेक्षा भारी!'

नऊ तोंडं झाली. शेवटच्याचं अर्धं तोंड रुमालात होतं. मशीनला तर ते माणूस आहे की गाठोडं हेच कळेना. मी सांगितलं — समोरच्या घरातला लंबू.

नात लिहिता लिहिता हसते आहे. ही माझ्या मुलाची मुलगी, कॉलेजात जाते. तिला बजावून ठेवलंय, वहीपुरती तू पेन आहेस. पेनाला तोंड नसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन बसलं. सगळ्यांना उघडतं, मला उघडत नाही!

तीनदा उभी राहिले. चष्मा काढून, पदर मागे घेऊन, हनुवटी वर करून. आतून एक बाई गोड आवाजात म्हणते, 'ओळख पटली नाही.' या वयात इतकं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं, सासूसुद्धा नाही. शेवटी दारवानानं हातानं उघडलं. नात म्हणते, सुरकुत्यांनी गोंधळतं ते. गोंधळू दे. मला बाहेर जायचंय कुठे?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही पटली नाही. मी तिला म्हटलं, तुझी तरी मला कुठे पटलीय?

१० फेब्रुवारी, सोमवार

हसू नकोस आता. लिही.

संध्याकाळी पाळी सुटली. लोक दाराशी येत होते, तोंड दाखवत होते. खोकल्यानं तोंड दाखवलं — दार उघडलंच नाही. वर तांबडा दिवा. तो पुन्हा उभा राहिला, घसा साफ करून, जणू मशीनला खोकल्याचा त्रास होतो. मागे गाडी उभी होती, ती आम्हाला रोजची वाटली. साध्या कपड्यातले दोघं पोलीस उतरले, त्याचा दंड धरला. मग सूर्यफूल. मग बारा-वाजले. एकेक जण घरी यायचा, तोंड दाखवायचा आणि गाडीत जायचा. सूर्यफुलाच्या हातात दुधाची पिशवी होती. ती दारवानाकडे दिली, 'घरी द्या' म्हणाली.

सगळ्यात शेवटी लंबू. आईची औषधं घेऊन आला होता. मशीनसमोर त्याला वाकावं लागतं. वाकला. तांबडा दिवा.

नऊ माणसं. बोटांवर मोजली. पाटीवरची तोंडंही नऊच होती.

गेल्या महिन्यातल्या वीस तारखेचं प्रकरण आहे. त्याच्या आधी धुलाईखान्यात वाफेचा पाइप फुटून दोघी बायका भाजल्या होत्या. दोन वर्षं सांगत होते, पाइप बदला. म्हणून वीस तारखेला सगळे इस्पितळाच्या गेटवर जाऊन बसले. मॅनेजरची गाडी आली, ढकलाढकली झाली, दगड आला. गाडीची काच फुटली ती फुटली — गेटवरच्या पहारेकऱ्याचा डोळा गेला.

ती तोंडं गेटवरची होती. दाराच्या मशीनसाठी नव्हती.

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय म्हणू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

लंबूची आई आली होती. इमारतीत तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला मावशी म्हणते. तिचा लंबू इस्त्रीच्या टेबलावर काम करतो. तीस वर्षांचा घोडा, पण बोलणं असं की समोरच्याला वाटावं, याला कोणी शब्द मोजून दिलेत. जिन्यातले दिवे तोच बदलतो, स्टुलाशिवाय.

'मावशी, त्या दिवशी तो इथे नव्हताच हो! मला डोळे दाखवायला परगावी घेऊन गेला होता. त्यांना सांगितलं. दवाखान्याची चिठ्ठी दाखवली. तर म्हणतात, चिठ्ठीवर तुमचं नाव आहे, मुलाचं कुठंय?'

आता आईच्या डोळ्यांच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव कोण घालतं?

'मशीननं ओळखलं म्हणतात. मावशी, मशीनला माझा पोरगा कसा ठाऊक?'

मी तिला चहा दिला. साखर दोनदा घातली. तिनं तसाच प्यायला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पोलीस म्हणतात, ब्याण्णव टक्के लंबूच आहे.

टक्के म्हणजे काय ते नातीला विचारलं. म्हणाली, शंभरातले ब्याण्णव. म्हटलं, उरलेले आठ कुठे गेले? ते तरी घरी पाठवा. आठ टक्के लंबू — पायाचे पंजे येतील. तेवढ्यावरही त्याची आई समाधान मानेल.

नात हसली नाही. मग तिनं मला समजावलं, सावकाश, जसं मी तिला लहानपणी बुटाची गाठ शिकवली तसं. मशीनला आधी काहीच कळलं नव्हतं. मी लंबूचं नाव सांगितलं. मग त्यांनी लंबूचा कामावरच्या कार्डाचा फोटो काढला आणि मशीनला विचारलं, हा तोच का? अर्धं तोंड रुमालात. उरलेल्या अर्ध्यात कान सोडला तर एक डोळा, एक भुवई, थोडं कपाळ. एवढं कोणाचं कोणाशी जुळत नाही? मशीन म्हणालं, हो.

'म्हणजे मी सांगितलं तेच त्यानं मला परत सांगितलं?'

'हो आजी. फक्त आकडा लावून.'

माझ्या शब्दाला आजवर आकडा नव्हता. म्हणूनच कोणी धूप घालत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाकावर बसले नाही. लोक मशीनला शिव्या घालत आत येतात. मी ऐकते. मशीन बिचारं काही बोलत नाही, ओळख पटली एवढंच म्हणतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठ जण जामिनावर सुटले. ते नुसते बसले होते, घोषणा दिल्या होत्या, त्यांच्यावर मोठं कलम नाही. कामावर मात्र घेत नाहीत. खोकला पाच दिवसांत दहा वर्षांनी मोठा होऊन आला. सूर्यफूल आली ती भिंतीकडे बघत जिना चढली. मी हाक मारली, 'अगं ए!' वळली नाही. ती वळली नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

लंबूला जामीन नाही. नववा फोटो दगडाच्या बाजूचा आहे म्हणे. ज्या हातानं दगड सुटला, त्या हाताच्या वरचं तोंड.

कोणी तरी आतल्या माणसानं नावं दिली, एवढं सगळ्यांना कळलंय. संशय दारवानावर आहे. त्याच्याशी कोणी बोलत नाही. त्याची बायको नळावर आली की बाकीच्या बादल्या उचलून निघतात.

मी पण उचलली. माझी तर अर्धीच भरली होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाई आल्या. तरुण आहेत, खांद्यावर पिशवी, पिशवीत कागदांचं वजन. लंबूसाठी घरोघर फिरतायत. नवव्या फोटोचा मोठा कागद काढून आणलाय. 'हा लंबू नाही हे सिद्ध करायचंय. कोणी ओळखतं का बघा.'

आमच्या घरी आल्या तेव्हा मी, नात आणि सून होतो. मुलगा पाळीवर होता. कागद टेबलावर ठेवला.

मी म्हणाले, 'हा लंबू नाही. लंबूचा कान खाली चिकटलेला आहे. याचा सुटा आहे. पाळी लोंबते.'

वकीलबाई एकदम पुढे सरकल्या. 'हे कोर्टात सांगाल आजी?'

'सांगेन.'

'मग हा कोण आहे?'

सून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद करायला, असं म्हणाली. गॅस पेटवलेलाच नव्हता.

'माहीत नाही,' मी म्हणाले.

आता लिहिताना नातीनं पेन थांबवलंय. माझ्याकडे बघते आहे. म्हणते, 'आजी, हे तर बाबा —'

लिही, माहीत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही लिहायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलाची सुट्टी. जेवण झालं. सून भांडी घासत होती, नको तितका आवाज करत. मी त्याला म्हटलं, बस इथे माझ्यासमोर. चाळिशीचा माणूस, पण बसला. खाई त्याला खवखवे, मी काही विचारायच्या आत म्हणाला —

'आई, मी गाडीवर मारला होता. त्याच्यावर नाही.'

'डोळा त्याचा गेला.'

'ते माझ्या हातात होतं का?'

'दगड तर होता.'

मग म्हणाला, त्या भाजलेल्या दोघींतली एक त्याच्याच धुण्याच्या मशीनवर होती. तिला त्यानंच उचलून बाहेर आणलं, तिची कातडी याच्या शर्टाला चिकटून आली. हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. तो शर्ट कुठे गेला म्हणून मी महिनाभर सुनेला बोलत होते.

'आणि लंबू?' मी विचारलं.

'मी थोडंच त्याचं नाव घेतलं? मशीननं मला नाही ओळखलं, तर मी जाऊन सांगू, बाबा रे, मी आहे? मी आत गेलो तर हिचं कॉलेज गेलं. तुमच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, घर इस्पितळाचं आहे. लंबूला कोण आहे? एक आई.'

एक आई. जणू ते काही कमी असतं.

मी त्याला बोलू शकले असते. पण कुठल्या तोंडानं? आपलेच दात, आपलेच ओठ. उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ दगडासारखी झालीय.

नात हे सगळं लिहिते आहे. मला अक्षर कळत नाही, पण पेन इतकं दाबते आहे की टेबल कुरकुरतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जिन्यातला दुसऱ्या मजल्याचा दिवा गेला. कोणी बदलला नाही. सगळे हातानं भिंत चाचपत चढतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज पोलीस चौकीत गेले. नात बरोबर होती. माझा शब्द परत घ्यायला गेले.

मोठा साहेब चांगला वाटला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. काचेची पाटी, नऊ तोंडं, लंबूचं नाव मी घेतलं. चुकले, पुसून टाका.

त्यानं कागद चाळले. जाडजूड बाड होतं. वर बघून हसला, अगदी प्रेमानं.

'आजी, तुमचं नाव यात कुठेच नाही.'

'असं कसं? मी सांगितलं ना त्याला!'

'इथे लिहिलंय, ओळख मशीनद्वारे पटली. तुमचा जबाब नाही, सही नाही, अंगठा नाही. तुम्ही काही सांगितलंच नाहीये. मग मागे काय घेणार?'

मी म्हटलं, बोलाव त्या पाटीवाल्याला. तो म्हणाला, ती माणसं कंपनीची असतात, काम झालं, गेली दुसरीकडे. मी म्हटलं, कान बघा. तो म्हणाला, कानाचा आकडा त्यात येत नाही.

'आजी, जीवाला लावून घेऊ नका. तुमच्या शेजारणीसाठी वाईट वाटतं, कळतंय मला. पण यंत्राला नातं नसतं ना. ते कशाला खोटं बोलेल?' मग कागद मिटता मिटता म्हणाला, 'तुम्ही तर सगळ्यांना ओळखता. लंबू नाही म्हणता. मग कोण आहे ते सांगा, आत्ता सोडतो त्याला.'

नातीनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली.

मी म्हणाले, 'उन्हात चालून आले, पाणी द्या अजून.'

पाणी प्याले. उठले. घरी आले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणताना चोर दुसऱ्याचा असतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही वेळा ताट तसंच परत केलं. सून म्हणते, पित्त झालंय. झालंय खरं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवाली लंबूला भेटून आली. जाळीच्या पलीकडे बसतो म्हणे, वाकून, कारण जाळीतलं भोक खाली आहे. बारीक झालाय. जेवतोस का विचारलं तर म्हणाला, हो. मारलं का विचारलं तर म्हणाला, जिन्यातला दिवा गेला असेल, तिसऱ्या मजल्याच्या पेटीत दोन नवे आहेत, त्यातला लाव.

'मावशी, तो काही चिडत का नाही? मी म्हटलं, अरे, ओरड, सांग त्यांना! तर म्हणतो, आई, मी दिसतोच तसा असेन. मशीनला दिसलो ना. मलाच आता वाटायला लागलंय, तिथे होतो की काय.'

हे सांगताना ती रडली नाही. चष्मा काढून पदरानं पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

मग माझ्या मांडीवर हात ठेवला. 'तुम्ही चौकीत गेला होतात ना? दारवान म्हणाला. माझ्या लेकासाठी कोणी पायरी चढलं नाही, तुम्ही चढलात. या वयात. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.'

तिचा हात मी उचलू शकले नाही. तिथेच होता. फार जड होता.

१ मार्च, शनिवार

आज दारानं मला ओळखलं! हिरवा दिवा. 'ओळख पटली.' गोड आवाज. तेवीस दिवस लागले.

मी बाहेर गेले नाही. उंबऱ्यातच उभी राहिले. दार थोडा वेळ वाट बघत राहिलं, मग मिटलं.

वकीलबाई येऊन गेल्या. तारीख पुढची पडली, पावसाळ्यानंतरची. तोवर तो आतच. माझं कानाचं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं, पण म्हणाल्या, 'आजी, खरं सांगू? मशीनपुढे म्हातारीचे डोळे कोण धरणार?' त्यांनी वाईट अर्थानं नाही म्हटलं. दमल्या होत्या.

मुलगा रोज पाळीला जातो. तोंड दाखवतो, दार उघडतं. परत येतो, तोंड दाखवतो, दार उघडतं. घरात मात्र कोणी कोणाकडे बघत नाही. जेवताना सगळे ताटात बघतात. एवढी मी माणसं वाचली म्हणते — माझ्याच घरातली तीन तोंडं आता मला वाचता येत नाहीत.

नातीला म्हटलं, आज अजून एक लिहायचंय. सांगायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला तिनं पेन खाली ठेवलं.

२ मार्च, रविवार

नात म्हणाली, हे मी नाही लिहिणार. म्हणून वही घेऊन समोरच्या दारी आले. हे अक्षर लंबूच्या आईचं आहे.

लिही बाई. नवव्या फोटोतला माणूस माझा मुलगा आहे. मी चुकले नव्हते. पहिल्या नजरेत ओळखला. तो कान मी त्याच्या लहानपणापासून पिळत आले. मागे गेटचा खांब दिसत होता, हे दारासाठी नाही, हे मला तिथेच कळलं. पाटीवाला नावासाठी थांबला होता. लंबू त्या दिवशी तुला घेऊन परगावी गेला होता, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जो तिथे नव्हताच, त्याला कोण काय करणार? म्हणून त्याचं नाव घेतलं.

लिहिलंस?